तिची सही पुरेशी आहे

गर्भपाताच्या संमतीपत्रावर कायद्याला एकच सही लागते. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईची, तिची स्वतःची. नवऱ्याची नको, सासूची नको, बापाची नको. संसदेने १९७१ साली केलेल्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. बाई अज्ञान किंवा मनोरुग्ण असेल तरच पालकाची सही घ्यायची. नवऱ्याच्या सहीसाठी त्या फॉर्मवर जागाच ठेवलेली नाही. तरीही गावोगावच्या दवाखान्यांत बाईला पहिला प्रश्न येतो, ‘मिस्टर कुठे आहेत?’ मिस्टर सुरतेला कामावर असतील, दारू पिऊन पडलेले असतील, नाहीतर त्यांना न सांगताच ती आलेली असेल. मग तिला परत पाठवलं जातं. आठ आठवड्यांचं पोट बारा-चौदा आठवड्यांचं होतं. गोळ्यांवर भागलं असतं तिथे मोठं दुखणं मागे लागतं, आणि पैसे भरून कुठल्यातरी आडवाटेच्या खोलीत जाण्याची वेळ येते.

हे पुस्तक या एका सहीबद्दल आहे, असं म्हटलं तरी चालेल. बाळंतपण, पाळी, पाळणा लांबवणं, गर्भपात, लग्नाचं वय, पिशवीचं ऑपरेशन, मुलगा-मुलगी हे सगळे विषय यात आहेत. पण प्रत्येक ठिकाणी विचारलेला प्रश्न तोच: ठरवतं कोण?

आमचं धामणगाव बढे हे बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातलं गाव. आमच्या जिल्ह्यात माणूस आपला पत्ता सांगताना घाटावरचा की घाटाखालचा हे आधी सांगतो. मोताळा घाटाखालचा. शेती कापूस, सोयाबीन, मक्याची. अडलेल्या बाळंतिणीला इथून ‘रेफर’ केलं की गाडी घाट चढून बुलढाण्याला जाते, आणि तिथेही जमलं नाही तर अकोल्याला. रक्ताची पिशवी, भूलतज्ज्ञ आणि रात्री जागं असलेलं ऑपरेशन थिएटर या तिन्ही गोष्टी एकाच जागी मिळेपर्यंतचा हा प्रवास म्हणजेच ग्रामीण भागातल्या मातामृत्यूची अर्धी कथा. उरलेली अर्धी त्याच्याही आधी घडते. ‘आता दवाखान्यात न्या’ हे घरात कोणी म्हणायचं, याची वाट बघण्यात.

‘ठरवतं कोण?’ हा प्रश्न पुण्या-मुंबईहून किंवा विलायतेहून आमच्याकडे आला, असं समजणाऱ्यांसाठी सुरुवातीलाच एक गोष्ट सांगायला हवी. मराठीत तो सगळ्यात धारदारपणे मांडला तो बुलढाण्याच्याच बाईने. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला आपल्या नवजात मुलाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळली आणि काळं पाणी आलं. या खटल्याचं निमित्त करून वर्तमानपत्रांनी एकूण स्त्रीजातीवरच तोंडसुख घेतलं. बुलढाण्यात राहणाऱ्या ताराबाई शिंदे यांनी ते वाचलं. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. त्यामुळे घरात वाचन होतं, वाद होते. १८८२ साली पुण्यात छापून ‘स्त्री-पुरुष तुलना’ बाहेर आलं. त्यावर एवढी टीका झाली की जोतीराव फुले यांना आपल्या ‘सत्सार’ नियतकालिकातून त्यांची बाजू घ्यावी लागली. नंतर ते पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेलं, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं तेव्हा कुठे महाराष्ट्राला ताराबाई भेटल्या.

ताराबाईंना आपण आद्य स्त्रीवादी लेखिका म्हणतो, शाळा-महाविद्यालयांत त्यांच्यावर निबंध लिहून घेतो. पण त्या लेखनामागे एक नको असलेलं गर्भारपण आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. विधवेला लग्नाची बंदी, पोट राहू नये म्हणून काही करण्याची सोय नाही, राहिलं तर ते पाडण्याची मुभा नाही, जन्मलं तर त्याला नाव नाही. आणि ज्याच्यामुळे ते राहिलं तो खटल्यात कुठेच नाही. विजयालक्ष्मीच्या प्रकरणात बाईला चारही बाजूंनी दारं बंद होती आणि पाचवं दार फक्त तुरुंगाचं होतं. ताराबाईंनी बोट ठेवलं ते या रचनेवर. प्रजनन-आरोग्य हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता, पण त्याचा गाभा त्या सांगून गेल्या.

त्यांच्या आधी वीसेक वर्षं, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं होतं. तिथे विधवेने गुपचूप यावं, बाळंत व्हावं, आणि मूल सोबत न्यायचं की तिथेच ठेवायचं हे तिच्या खुशीवर. हे शेवटचं वाक्य मला या सबंध इतिहासात फार मोलाचं वाटतं. उपकार करणारे पुष्कळ असतात. उपकार करून झाल्यावर निर्णय तिच्याच हातात ठेवणारे थोडे. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत या जोडप्याने दत्तक घेतला, आणि तो पुढे डॉक्टर झाला.

एकोणिसाव्या शतकातल्या बाकीच्या सुधारकांचं लक्ष मुख्यतः वयावर होतं, आणि ते योग्यच होतं. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, मूल दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून त्या अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्रच घेतला. पुढच्याच वर्षी क्षयाने त्यांना नेलं. रखमाबाईंनी तर लहानपणी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे जायला १८८४ पासून कोर्टात नकार दिला. सहा महिने तुरुंग परवडेल पण त्या घरी जाणार नाही, ही त्यांची भूमिका. त्या खटल्याने आणि बंगालमधल्या एका बालवधूच्या मृत्यूने देश ढवळून निघाला आणि १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. त्या कायद्याने वय दहाचं बारा केलं. दहाचं बारा! एवढ्यासाठी टिळकांपासून अनेकांनी केवढा गदारोळ केला, हे आज वाचताना अंगावर काटा येतो. शारदा कायदा १९२९ चा, मुलीच्या लग्नाचं वय अठरा १९७८ मध्ये, आणि आजचा बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा. इतक्या पायऱ्या चढायला शंभराहून जास्त वर्षं गेली.

विसाव्या शतकात विषय लग्नाच्या वयावरून लग्नाच्या आत शिरला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपला दवाखाना काढला तोही त्याच वर्षी. कर्व्यांना विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, पदरमोड करून, पत्नी मालतीबाईंच्या साथीने, खटले अंगावर घेत. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मुलं कमी व्हावीत म्हणून सांगणारे तेव्हा इतरही होते. कर्व्यांचं वेगळेपण असं की स्त्रीला शरीरसुखाचा हक्क आहे आणि गर्भाच्या भीतीवाचून तो तिला मिळावा, हे त्यांनी उघड लिहिलं. आजसुद्धा हे वाक्य कुठल्या ग्रामसभेत म्हणून बघावं.

बाबासाहेबांची वाट थोडी निराळी होती. ते कष्टकरी बाईच्या बाजूने याकडे आले. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी बाळंतिणीच्या विश्रांतीचा भार मालकाने आणि सरकारने उचलणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, अशी मांडणी केली. १९३८ साली त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव विधानसभेत आला. पु. जे. रोहम यांनी तो मांडला. ठराव फेटाळला गेला. त्यातला विचार मात्र नीट बघण्यासारखा आहे. सततच्या बाळंतपणांनी गरीब बाईचं शरीर झिजतं, म्हणून साधनं सरकारने पुरवावीत. सुरुवात देशाच्या लोकसंख्येपासून नव्हे, तिच्या झिजणाऱ्या शरीरापासून.

स्वातंत्र्यानंतर हे उलटं झालं. १९५२ मध्ये भारताने जगात पहिल्यांदा सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला, त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण हळूहळू त्या कार्यक्रमाला बाई दिसेनाशी झाली आणि आकडा दिसू लागला. टार्गेट आलं, कॅम्प आले, तलाठ्यापासून मास्तरापर्यंत प्रत्येकाला ‘केसेस’ आणायच्या झाल्या. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या आणि त्यात बहुसंख्य पुरुष होते. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूर करणारं राज्य आपलंच, महाराष्ट्र. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. त्या सक्तीचा राग मतपेटीत उतरला आणि पुढाऱ्यांनी धडा घेतला. मात्र धडा असा घेतला की पुरुषाच्या वाटेला जायचं नाही. भार बाईवर आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात विवाहित बायकांमध्ये स्वतःचं ऑपरेशन झालेल्यांचं प्रमाण ४९.१ टक्के निघालं, आणि नवऱ्याची नसबंदी झालेल्यांचं ०.४ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया जास्त सोपी, पोट न उघडता होणारी, थोड्या वेळात घरी जाता येणारी. तरीही हे प्रमाण असं आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या कॅम्पात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली गेली आणि त्यातल्या तेरा गेल्या. कॅम्पची पद्धत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये सांगावं लागलं.

याच काळात महाराष्ट्राच्या खेड्यांत दुसरं काहीतरी उगवत होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. खेड्यातल्या निरक्षर बायकांना, त्यातही अनेक दलित बायकांना, त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या केलं. ज्या बाईच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, तिच्या हाताने गावातली बाळंतपणं होऊ लागली. आज आपण ज्यांना आशाताई म्हणतो, त्या कल्पनेची एक मुळी जामखेडच्या मातीत आहे.

आणि गडचिरोली. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत बायकांची तपासणी केली आणि तो अभ्यास १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ६५० बायका. त्यांच्यापैकी ९२ टक्के बायकांना जननेंद्रियांचा काही ना काही आजार होता, सरासरी एकेकीला तीनहून जास्त. आणि याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. या आकड्यांसमोर थोडं थांबलं पाहिजे. तोपर्यंत सरकारच्या दृष्टीने बाईचं आरोग्य म्हणजे गर्भारपण आणि नसबंदी. गरोदर नसलेली बाई आरोग्य खात्याच्या नजरेत नव्हतीच. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, संबंधाच्या वेळी आग होते, पाळी महिन्यातून दोनदा येते, हे सगळं बाईने सोसायचं. घरी सांगायची सोय नाही, दवाखान्यात पुरुष डॉक्टर, आणि तपासणी म्हटलं की आधी लाज. दोन गावांतल्या बायकांनी विश्वासाने अंग दाखवलं म्हणून जगाला कळलं की हे घरोघरचं दुखणं आहे. १९९४ च्या कैरोतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या परिषदेत १७९ देशांनी लोकसंख्येच्या आकड्यांऐवजी स्त्रीचं आरोग्य आणि हक्क केंद्रस्थानी आणले, त्या बदलामागे अशा अभ्यासांचाही हात आहे. भारताने १९९६ मध्ये वरून लादलेली टार्गेटं कागदोपत्री बंद केली. कॅम्पच्या दिवशी किती बायका आणायच्या, ही चर्चा मात्र अजून ऐकू येते.

सरकारी कार्यक्रम आणि खेड्यांतलं आरोग्यकाम यांच्या जोडीला तिसरा प्रवाह स्त्रीमुक्ती चळवळीचा. तिने आरोग्याची सांगड हिंसेशी, कायद्याशी आणि विज्ञानाच्या राजकारणाशी घातली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध मुंबईत १९८० च्या दशकात उभ्या राहिलेल्या मोहिमेमुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा आला १९९४ मध्ये. तो कागदावरच राहतो असं दिसल्यावर ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या महाराष्ट्रातल्या संस्था डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि २००३ मध्ये कायदा कडक झाला. याच चळवळीने गर्भनिरोधक इंजेक्शनांना विरोध केला, कारण दुष्परिणाम न सांगता ती गरीब बायकांवर टोचली जातील ही भीती होती. आज तेच इंजेक्शन ‘अंतरा’ नावाने सरकारी दवाखान्यात मिळतं. अनेक बायकांना ते सोयीचं वाटतं, कारण तीन महिने घरात कोणाला कळत नाही. विरोध करणाऱ्या चुकल्या होत्या का? मला तसं वाटत नाही. त्यांनी विचारलेले प्रश्न आजही सुई टोचण्याआधी विचारले गेले पाहिजेत. पण लपवता येणारं साधन काही घरांत बाईचा एकमेव आधार असतं, हेही तितकंच खरं.

या प्रवाहांचं आपसात पटतं असं कोणी समजू नये. सार्वजनिक आरोग्यवाल्यांना आकडे हवे असतात, चळवळीला आकड्यांचीच धास्ती. डॉक्टरांना दवाखान्यातलं बाळंतपण हवं असतं. सुईणींबरोबर काम केलेल्यांना तिथल्या ओरडण्याची, मारलेल्या चापटांची आणि बाळंतिणीच्या एकटेपणाची काळजी वाटते. सगळ्यात अवघड गाठ गर्भलिंगनिदान आणि गर्भपात यांच्यामध्ये पडली, आणि ती आमच्या जिल्ह्यात फार आवळली गेली.

बुलढाणा जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये ८५५ उरल्या. दहा वर्षांत पन्नासहून जास्त मुली हजारी कमी झाल्या, आणि ज्या जिल्ह्यात सिंदखेडराजा आहे, जिजाऊंचा जन्म झाला, त्या जिल्ह्यात. आकडे आल्यावर यंत्रणा जागी झाली. सोनोग्राफी केंद्रांवर छापे पडले, फलक लागले, प्रभातफेऱ्या निघाल्या. हे व्हायलाच हवं होतं. पण सोनोग्राफी यंत्रावरची नजर हळूहळू गर्भपात मागणाऱ्या प्रत्येक बाईवर वळली. औषध दुकानदारांनी गोळ्या ठेवणं बंद केलं. डॉक्टर ‘नको ती कटकट’ म्हणून नाही म्हणू लागले. सात-आठ आठवड्यांच्या गर्भाचं लिंग सोनोग्राफीत दिसतच नाही, आणि बहुतेक बायकांना गर्भपात हवा असतो तो याच आठवड्यांत. तिला मुलगी नको म्हणून नव्हे, आत्ता मूलच नको म्हणून. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि वेगळे ठेवता येतात. लिंग सांगणारा डॉक्टर गुन्हेगार आहे; गर्भपात मागणारी बाई नाही. मुलगी नकोशी होण्याचं मूळ हुंड्यात, जमिनीच्या वारशात आणि म्हातारपणी कोण सांभाळेल या भीतीत आहे. ते तसंच ठेवून फक्त बाईची वाट अडवली तर ती दुसरी, जास्त जिवावरची वाट शोधते. या पुस्तकात या गाठीला सगळ्यात जास्त पानं दिली आहेत, कारण इथल्या आशाताईंना रोज सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट हीच आहे.

आता हे सगळं आजच का मांडायचं? बाळंतपणं दवाखान्यात होतात, १०८ ला फोन केला की गाडी येते, जननी सुरक्षा योजना २००५ पासून आहे. खरं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली निघाली, आणि लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २०१८-२० मध्ये ३३ वर आले होते. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. ज्यांनी हे केलं त्या नर्सबाईंना, आशांना आणि अंगणवाडीताईंना मनापासून हात जोडावेत असंच हे यश आहे. पण त्याच पाहणीत दुसरीही पानं आहेत. राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी रक्त कमी असलेल्या ५४.२ टक्के, त्याआधी चार-पाच वर्षांपूर्वी होत्या ४८ टक्के. म्हणजे बाई दवाखान्यात पोहोचली, पण ताटात सगळ्यांत शेवटी वाढून घेणारी तीच राहिली. वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली. चारातलं एक बाळंतपण सिझेरियन.

अठराच्या आतल्या लग्नाचं काय होतं ते नोंदवहीत बघावं. सतरा वर्षांची मुलगी तिसऱ्या महिन्यात नोंदणीला येते. वय विचारलं की सासू म्हणते, एकोणीस. आधार कार्डावर वेगळंच असतं. आशाताईला ठाऊक असतं, कारण ती त्याच गल्लीतली आहे आणि हळदीला गेलेली आहे. खरं लिहिलं तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक. अठराखालच्या पत्नीशी संबंध हा बलात्कार, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आहे. कळवलं तर ते घर पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाही आणि मुलगी घरीच बाळंत होईल. नाही कळवलं तर आशाताई स्वतः गुन्ह्यात सापडते. मग पेन काही क्षण थांबतं आणि रकान्यात १९ लिहिलं जातं. या १९ मुळे ती मुलगी अतिजोखमीच्या यादीतून निसटते, तिच्या रक्तदाबाकडे आणि हिमोग्लोबिनकडे जे विशेष लक्ष जायला हवं ते जात नाही. मुलीच्या रक्षणासाठी केलेला कायदा आणि तिच्याच रक्षणासाठी चाललेला दवाखाना असे समोरासमोर येतात. गावात बालविवाह रोखण्याची कायदेशीर जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. ती लग्नाच्या आधी पार पाडली गेली असती तर ही वेळ आशाताईवर आलीच नसती.

दुसरा ताजा घाव बीडचा. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्या जात असल्याचा बोभाटा झाल्यावर २०१९ मध्ये सरकारने समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. कारणं वाचली तर वसा-अमिर्झाची आठवण होते. अंगावरून पांढरं जातं म्हणून बाई दवाखान्यात गेली, ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेलं, कर्ज काढून ऑपरेशन झालं. फडावर संडास नाही, पाळीला आडोसा नाही, एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, तेव्हा पिशवीच नको असं तिलाही वाटतं. त्या ऑपरेशनवर तिची सही असते. म्हणून मला ही सही पुरेशी वाटत नाही, तिच्यामागे खरी माहिती हवी, पर्याय हवा आणि मजुरीचा आधार हवा. कागदावरची संमती आणि मोकळ्या मनाने घेतलेला निर्णय यांच्यात केवढी दरी असू शकते, ते बीडने दाखवलं. आमच्याकडे ऊस नाही, पण कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरीही किलोवरच ठरते आणि तिलाही पाळीची सुटी मिळत नाही.

निर्णय दुसऱ्याचा आणि भुर्दंड बाईला, हे राजकारणातही दिसतं. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत बायकांना निम्म्या जागा आहेत. पण १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर पद जातं. मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही हे ठरवणारी सासू असते, तिसऱ्यांदा दिवस जातात ते बाईला, आणि सरपंचपद जातं तेही बाईचंच.

कायदा मात्र पुढे सरकतो आहे, आणि हे वाचकाला ठामपणे सांगण्यासाठीच यात कायद्याचा विभाग ठेवला आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक गटांतल्या बायकांसाठी गर्भपाताची मुदत २० वरून २४ आठवडे केली आणि तिची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित बाईलाही तो हक्क दिला. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या बायकांचा पन्नास वर्षांचा गर्भपाताचा हक्क काढून घेतला होता. मिळालेला हक्क कायमचा असतो, असं कुठल्याच देशातल्या बाईने गृहीत धरू नये. आपल्याकडे तर मिळालेला हक्क मोताळ्याच्या बसस्टँडपर्यंतही अजून पोहोचलेला नाही.

हे पुस्तक नेमकं काय करू बघतं, ते आता थोडक्यात. यातले लेखक निरनिराळ्या प्रवाहांतले आहेत. डॉक्टर आहेत, वकील आहेत, गावपातळीवर काम करणाऱ्या बायका आहेत. त्यांचे मतभेद मी संपादताना घासून गुळगुळीत केलेले नाहीत. एकाच साधनाबद्दल दोन लेखांत दोन सल्ले दिसले तर वाचकाने बिचकू नये. दोन्हींमागची कारणं वाचावीत आणि ठरवावं. भाषा शक्य तिथे बायकांच्या तोंडची ठेवली आहे. तांबी म्हटलं आहे, पिशवी म्हटलं आहे, पांढरं जाणं म्हटलं आहे. डॉक्टरसमोर बसल्यावर बाई हेच शब्द वापरते आणि तिला उत्तरही याच शब्दांत मिळायला हवं. सरोगसी, टेस्ट ट्यूब बेबी असे विषय जाणूनबुजून बाजूला ठेवले; ते महत्त्वाचे आहेत, पण इथल्या बाईच्या वाटेत आज ते पहिले उभे नाहीत. मूल होत नाही म्हणून सोडून दिलेल्या बायकांवर मात्र वेगळं लिहिलं आहे, कारण प्रजननाचा हक्क म्हणजे फक्त मूल नको म्हणण्याचा हक्क नव्हे. तपासणी फक्त तिची होते, दोष तिलाच लागतो आणि दुसरं लग्न त्याचं होतं, हे या भागातल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे.

शेतीचा सातबारा या पुस्तकात कसा, असं कोणी विचारेल. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या पश्चिम वऱ्हाडात तरुण विधवा गावोगाव आहेत. कोल्हापूरच्या हेरवाड गावाने २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारनेही तो मार्ग इतर ग्रामपंचायतींना सुचवला. कुंकू पुसणं थांबलं तर चांगलंच. पण जमीन दिराच्या नावावर राहिली तर त्या बाईला पुन्हा लग्न करायचं की नाही, मूल हवं की नको, कोणत्या दवाखान्यात जायचं, यातलं काहीच ठरवता येत नाही. विजयालक्ष्मीच्या वेळेपासून विधवेच्या शरीराचा प्रश्न तिच्या घराच्या छपराशी बांधलेला आहे. म्हणून सातबारा इथे आहे.

वाचकांना एक विनंती. हे पुस्तक बायकांच्या बैठकीत वाचलं जाईल याची मला खात्री आहे. ग्राम आरोग्य व पोषण दिवसाला अंगणवाडीत बायका जमतातच, तिथे एकेक प्रकरण मोठ्याने वाचून त्यावर बोलता येईल अशी त्याची बांधणी केली आहे. काळजी वाटते ती पुरुषांची. नसबंदीवरचं प्रकरण त्यांच्यासाठी लिहिलं आहे. त्यात शस्त्रक्रिया कशी होते, किती वेळ लागतो, नंतर किती दिवस जड उचलायचं नाही, ताकद का कमी होत नाही, आणि पुढचे तीन महिने दुसरं साधन का वापरायचं, हे सगळं सविस्तर आहे. शेतात राबणाऱ्या माणसाला जे प्रश्न पडतात तेच घेतले आहेत. हे प्रकरण सुटं छापून दवाखान्यात, सोसायटीत आणि सलूनमध्ये ठेवता येईल अशी सोय प्रकाशकांनी केली आहे. ज्या घरात बाईचं ऑपरेशन अजून झालेलं नाही, त्या घरातल्या पुरुषाने ते आधी वाचावं आणि बायकोला वाचून दाखवावं. मग ती काय म्हणते ते ऐकावं.